डाव्या कोपऱ्यातली फट

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. वयानं तसा फार नाही, मला तयार होऊन आता चौथं वर्ष लागलं आहे. पण तुमच्या जगात चार वर्षांचा मोबाईल म्हणजे म्हाताराच. माझ्यासारखे फोन आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. त्याचं कारण ऐकायला कडू आहे, तरी ते मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या चारी कडांनी एक चकचकीत धातूची पट्टी फिरवली होती. ती नुसती शोभेची नव्हती, तिच्यातूनच मी रेंज पकडत असे. डाव्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्याशी, या पट्टीत केसाएवढी फट होती. कुणी मला डाव्या हातात घट्ट धरलं की तळहातानं ती फट झाकली जाई आणि मला काही ऐकूच येईनासं होई.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या एका मुलीच्या. तिथे आम्हाला एका स्टँडवर उभं करून तपासत. मी पास झालो होतो. तिनं मला सहज हातात घेऊन कॉल लावला आणि तो मध्येच तुटला. स्टँडवर ठेवून लावला, तर लागला. तिनं वहीत लिहिलं, ‘हातात धरल्यावर रेंज जाते.’

तिचे साहेब ते वाचून म्हणाले, “चाचणीच्या नियमात हात कुठे आहे? स्टँडवर पास झालाय ना? मग पुढे पाठव.”

मी पुढे गेलो. बोलण्यासाठीच बनवलेला मी, पण माझं स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नव्हतं.

बारामतीतल्या पुष्कर नावाच्या दुकानदाराच्या काचेच्या कपाटात मी दोन आठवडे राहिलो. मग काटेवाडीचे नागेश मला घेऊन गेले, त्यांच्या बायकोसाठी. तिचं नाव प्रगती. दोघं मिळून टोमॅटो, दोडका आणि थोडा मका करत. घरात नागेशचे वडील अप्पा, धाकटा भाऊ दीपक आणि सात वर्षांची छकुली होती. ते माझे सुखाचे दिवस. प्रगती रोज पहाटे माझ्यावर बाजारभाव बघे, दुपारी तोडलेल्या मालाचे फोटो व्यापाऱ्याला पाठवी. छकुली माझ्यावर गाणी लावून नाचे. मधूनच कॉल तुटे. प्रगती म्हणे, “टावर लांब हाय, काय करायचं.” टॉवर बिचारा काहीच बोलत नसे, आणि मीही.

दुसऱ्या वर्षी पौषात शेजारच्या उसाला तोड आली. ऊस तुटत गेला तशी आतली रानडुकरं बाहेर पडली. त्यातल्या एकाच्या मागच्या पायात कुणीतरी लावलेला तारेचा फास रुतला होता. वेदनेनं वेडं झालेलं ते जनावर सकाळी दहाच्या सुमारास आमच्या मक्यात शिरलं. नागेश तिथे ठिबकच्या नळ्या बघत वाकले होते. प्रगती मांडवाखाली दोडके तोडत होती आणि मी तिच्या पिशवीत होतो.

आधी मका कडाकडा मोडल्याचा आवाज आला, मग नागेशची किंकाळी. प्रगती खुरपं घेऊन धावली. डुकरानं त्यांना खाली पाडलं होतं आणि सुळा मांडीत खुपसून ते डोकं वर ओढत होतं. पाडून सोडून देणारं ते जनावर नव्हतं. ते मागे सरे आणि पुन्हा धावून येई. प्रगतीनं खुरप्याचे तीन घाव त्याच्या तोंडावर घातले. तिसऱ्या घावाला त्याचा डोळा फुटला, तेव्हा ते वळून उसाच्या फडाकडे पळालं.

नागेशच्या मांडीतून रक्त उडत होतं, पाण्याच्या फुटक्या नळीसारखं. प्रगतीनं पदर गोळा करून जखमेत कोंबला आणि उजव्या हातानं सगळा भार देऊन दाबून धरला. डाव्या हातानं तिनं मला बाहेर काढलं. हात रक्तानं निसटत होता, म्हणून तिनं मला जिवाच्या आकांतानं घट्ट धरलं. नेमका तोच कोपरा तिच्या तळहातात गेला.

“हॅलो, काटेवाडीतनं बोलतीया, माझ्या मालकांना डुकरानं...”

कॉल तुटला. तिनं पुन्हा लावला. अॅम्ब्युलन्सवाला “गाव कोणतं” असं विचारत होता, तोवर तुटला. तिनं दीपकला लावला. “भाऊजी, मक्यात या,” एवढं ती म्हणाली, पण त्यातला एक शब्दही पलीकडे गेला नाही. पाच वेळा असं झालं. प्रत्येक वेळी ती मला जास्तच घट्ट धरी.

शेवटी तिनं रागानं मला हाताच्या अंतरावरच्या बांधावर फेकलं. मित्रांनो, त्या क्षणी माझी रेंज भरून आली, कारण मला कुणी धरलेलं नव्हतं. लगेच दीपकचा उलटा फोन आला. प्रगतीनं कोपरानं मला दाबलं आणि जमिनीवरच्या माझ्याकडे बघत ओरडून सगळं सांगितलं. दीपक चार मिनिटांत पोचला. पण त्याआधीची अकरा मिनिटं गेली होती.

पिकअपमधून बारामतीला नेताना नागेशनी दोनदा पाणी मागितलं. दवाखान्याच्या दारात ते गेले.

प्रगतीनं डॉक्टरांना विचारलं, “धा मिन्टं आधी आणलं आस्तं तर?”

“ताई, तसं नक्की सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “रक्त फार गेलं होतं.”

तिसऱ्या दिवशी पुष्कर भेटायला आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला मागून घेतलं. हातात धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. त्याचा चेहरा उतरला. दुकानात जाऊन त्यानं माझ्यासारखे आणखी सहा फोन तसेच करून बघितले आणि त्याचं चित्रीकरण सगळीकडे पाठवलं. खाली लिहिलं, ‘हा फोन मी आजपासून विकणार नाही.’

आठवडाभरात ते देशभर फिरलं. कंपनीनं उत्तर दिलं, ‘हा दोष नाही. फोन धरण्याच्या सवयीचा प्रश्न आहे. ग्राहकांनी डावा खालचा कोपरा मोकळा ठेवावा.’

मग वाद पेटला. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे मीच. कुणी म्हणे, सगळ्याच फोनमध्ये थोडंफार असं होतं. कुणी म्हणे, कंपनीवर खुनाचा गुन्हा लावा. भवानीनगरला साखर कारखान्याच्या फाटकाशी आबासाहेब नावाचे एक गृहस्थ हसत म्हणाले, “कंपनीचं काय चुकलं? बाई घाबारली आसंल. फोन धराय यायला नगं?” दीपक तिथेच उसाची ट्रॉली घेऊन उभा होता. त्यानं आबासाहेबांचे दोन दात पाडले. लोकांनी आवरलं म्हणून तेवढ्यावर भागलं. पण त्या दिवसापासून दीपकच्या हाताला मारण्याची सवय लागली, असं मला वाटतं.

महिन्याभरानं कंपनीनं बारामतीत एका मंगल कार्यालयात सभा ठेवली. अविराज नावाचा तरुण अधिकारी आला. त्यानं सोबत खोकी भरून रबरी कव्हरं आणली होती. कव्हर घातलं की तळहात फटीला टेकत नाही, म्हणून प्रत्येकाला एक फुकट मिळणार होतं.

प्रगती मला घेऊन मंचावर गेली. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला तिनं पिनेनं भोक पाडलं आणि ती अविराजच्या उजव्या हातात दिली.

“साहेब, अंगठ्यानं दाबून धरा. एक थेंब सांडाय न्हाय पायजे. आता डाव्या हातानं आमच्या अप्पास्नी फोन लावा.”

अविराजनं मला घेतलं. बाटलीवर लक्ष ठेवताना त्याची बोटं आपोआप माझ्याभोवती आवळली. अप्पा समोरच बसले होते. त्यांचा फोन एकदा वाजला आणि थांबला. अविराजनं पुन्हा लावला, अंगठा सरकला आणि पाणी त्याच्या बुटांवर गळू लागलं.

“ते पानी हाय म्हणून बरं हाय,” प्रगती म्हणाली.

तो तिथेच ‘चुकलं’ म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्याचे ओठ हललेही होते. पण समोर कॅमेरे होते. तो म्हणाला, “आम्ही सर्व दुकानदारांना पत्रक दिलं होतं. ग्राहकांना सांगण्याची जबाबदारी त्यांची होती.”

मागून पुष्कर ओरडला, “ते पत्रक मागच्या आठवड्यात आलंय. नागेशराव जाऊन महिना झाला.” पण तोवर खुर्च्या उडायला लागल्या होत्या. मंचाची कमान आडवी झाली, कव्हरांची खोकी फुटली, एक खुर्ची अविराजच्या कपाळावर बसली. पोलिसांनी त्याला मागच्या दारानं गाडीत घातलं. गाडीची मागची काच फुटली, पण गाडी निघून गेली.

आता राग काढायला कंपनीचं कुणी उरलं नव्हतं, फक्त पुष्कर होता, आणि तो आपल्या दुकानाकडे पळाला होता.

गोंधळात मंचावरून दीपकनं मला उचललं. दहा-बारा जणांसह तो पुष्करच्या दुकानात शिरला. कपाटं खाली आली. काचांचा चुरा पायाखाली करकरत होता. दोघांनी पुष्करला ओढून काऊंटरवर पालथा पाडला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

“भाऊ, मीच तर हे उघड केलं,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

दीपकनं मला त्याच्या डाव्या मुठीत कोंबलं. “धर. घट धर. कसा धरायचा फोन ते दाव आता.”

मग त्यानं जॅकचा लोखंडी दांडा त्या मुठीवर हाणला. माझी काच तडकली, आणि माझ्याभोवतीची बोटंही. बोट मोडल्याचा आवाज काचेपेक्षा हलका असतो, हे मला तेव्हा कळलं. दुसरा घाव बसला. पुष्करचं ओरडणं थांबलं, तो नुसता धापा टाकत होता. तिसऱ्या घावासाठी दांडा वर गेला, तेवढ्यात गर्दी फाडून प्रगती आत आली आणि पुष्करच्या हातावर आडवी पडली. घाव तिच्या खांद्यावर बसला.

“वयनी?” दीपक म्हणाला. दांडा त्याच्या हातातून गळून पडला.

प्रगती तशीच पडून म्हणाली, “ह्याच्यानं त्ये माघारी येत्याल व्हय, भाऊजी?”

दुकान क्षणात रिकामं झालं. दीपक दाराशी उभा राहून बघत राहिला, मग तोही गेला. प्रगतीनं त्या मुठीतून मला हळूच सोडवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जोतीराम हवालदार जबाब घ्यायला आले. पुष्करनं भीतीनं सांगितलं, गर्दीत कुणी दिसलं नाही. शेजारच्या दुकानदारांनाही काही दिसलं नव्हतं. उरली प्रगती. हवालदार तिच्याकडे यायच्या आधी अप्पा तिच्या खाटेजवळ येऊन बसले.

“पोरी, एक ल्योक गेला. ह्यो तरी ऱ्हाऊ दे. तुला बी काय दिसलं न्हाय म्हन.”

प्रगती म्हणाली, “अप्पा, कंपनीला ठावं हुतं अन् ती गप बसली. म्हणून आपण सभंत जाऊन वरडलो. आता मला ठावं हाय. मी गप बसू?”

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांना लावली. पण ते उठून गेले नाहीत. हवालदार आले तेव्हा अप्पांसमोरच प्रगतीनं दीपकचं नाव सांगितलं आणि मला हवालदारांच्या हाती दिलं.

तेव्हापासून मी मुद्देमाल म्हणून पाकिटात बंद आहे. सभेनंतर दीड महिन्यानं कंपनीनं आधीचं उत्तर मागे घेतलं, चूक कबूल केली आणि माझ्यासारखे सगळे फोन परत मागवले. माझे भाऊबंद गेले, मी एकटाच मागे राहिलो. पुष्करची दोन बोटं अजून वळत नाहीत. दुकान मात्र त्यानं पुन्हा उघडलं आहे.

खटल्याच्या तारखेला मला कोर्टात नेतात, दीपकलाही तुरुंगातून तिथे आणतात. प्रगतीनं साक्ष दिली त्या दिवशी तिनं दीपकसाठी भाकरीचा डबा आणला होता. त्यानं तोंड फिरवलं. पुढच्या तारखेला तिनं पुन्हा आणला, त्याच्या पुढच्या तारखेलाही. परवा त्यानं तो घेतला. “छकुली शाळंत जाती का?” एवढंच विचारलं. “जाती की,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी माझ्यासारखी यंत्रं बनवतील. ती घाबरलेल्या, घाईतल्या, रक्तानं माखलेल्या हातातही चालतील अशी बनवा. आणि काही चुकलंच, तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगून टाका. तेव्हा ते एका वाक्यात सांगून होतं.