फोनशेजारचं वाक्य

डॉ. श्रीपाद आचवल फोनवर कधी नमस्कार-चमत्कार करत नसत. त्या गुरुवारीही त्यांनी एकदम कामालाच हात घातला.

"ॲडव्होकेटजी, एक छोटंसं लेटर पाहिजे. आमच्या केंद्रातून कुणीही, कुणालाही, या पेशंटबद्दल काही सांगितलेलं नाही, असं. दोन ओळी बस."

धम्मदीना पलासियातल्या आपल्या ऑफिसात दुसऱ्याच एका दवाखान्याचं संमतिपत्र तपासत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"कुणाला द्यायचंय?"

"पेशंटलाच. तो संताजी आहे ना, फॅक्टरीवाला..."

"नाव नको, डॉक्टर. नंबर सांगा."

"अरे यार! एकशे बेचाळीस. आता ऐकाल?"

तिनं ऐकलं. एकशे बेचाळीस नंबरचा हा माणूस सांवेर रोडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवायचा. नैराश्यासाठी एकोणीस दिवस केंद्रात राहून बरा होऊन गेला. कारखान्यात त्यानं कावीळ झाल्याचं सांगितलं होतं. कामावर रुजू झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याला प्रेसवरून उठवून गेटवर बसवलं. मग म्हणाले, घरीच आराम करा, बोलावू तेव्हा या. खात्यातल्या पोरासोरांच्या तोंडी एकच गोष्ट, आपल्या भियाच्या दिमागाचा इलाज चालू आहे. खरं कारण बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे बायकोनंच कुठेतरी तोंड उघडलं. ती म्हणते, मी एक अक्षर बोलले नाही. तिला आठ दिवसांपूर्वी भावाकडे देवासला धाडलंय. रविवारी दोन्हीकडची माणसं बसणार आहेत.

"आणि हे लेटर तो त्या बैठकीत काढणार," धम्मदीना म्हणाली.

"ते त्यांचं घरगुती. आपण खरं आहे तेवढंच लिहायचं."

"खरं आहे का ते बघते आणि मग लिहिते."

"मॅडम, सगळं टाइट तुम्हीच करून ठेवलंय. गळणार कुठून?"

हे मात्र खरं होतं. धम्मदीनानं आधी रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, वकिली नंतर. नळी कुठे गळते हे शोधायची सवय तिथली. आजोबा महूच्या छावणीत स्टोअरचे हवालदार होते. ते म्हणत, चोरी कुलपातून होत नाही, कडीतून होते. दीड वर्षापूर्वी आचवलांनी तिला सल्लागार नेमलं, तेव्हा ती दोन दिवस छत्रीबागेतल्या त्या वीस खाटांच्या केंद्रात नुसती खुर्ची टाकून बसून राहिली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण रजिस्टरमध्ये आधीची सगळी नावं वाचत होता. औषधांच्या फळ्यावर आडनावं लिहिलेली होती. रजेच्या सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरांत 'मनोविकार व व्यसनमुक्ती' छापलेलं होतं. तिनं एकेक फट बुजवली. रजिस्टरच्या जागी चिठ्ठ्या आणल्या, फळा आत नेला. सर्टिफिकेटवर फक्त डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि फोन. कारखान्यांना, शाळांना तेवढं पुरतं.

शेवटी राहिला होता फोन. रिसेप्शनवरच्या शालिनीताई बोलक्या. कुणी प्रेमानं विचारलं की त्या प्रेमानं सांगत. म्हणून तिनं एकच वाक्य लिहून, लॅमिनेट करून फोनशेजारी चिकटवलं होतं आणि बजावलं होतं की एवढंच वाचायचं, पुढे बोलायचं नाही. प्रत्येक फोनची नोंद मात्र ठेवायची.

शुक्रवारी सकाळी ती केंद्रात गेली ती याच नोंदी बघायला. कारखान्याच्या फोनची नोंद नाही म्हणजे गळती नाही. मग लेटर लिहायला हरकत नव्हती. बाई खोटी ठरली तर ठरली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना तिला फारसं जडही गेलं नव्हतं.

"या, ताई," शालिनीताई म्हणाल्या. "पोहे खाऊन आलात का नाही? तोंड बघा किती उतरलंय."

"नोंदवही द्या ना. या महिन्याची."

चार तारखेची नोंद शालिनीताईंच्या गोल, शाळकरी अक्षरात होती. 'सकाळी ११.२०. सांवेर रोडच्या फॅक्टरीतून एचआरवाले. संताजी यांचं सर्टिफिकेट असली आहे का विचारलं. कार्डावरचं वाक्य वाचलं. त्यांनी फोन ठेवला.'

संताजीला प्रेसवरून उठवलं होतं सहा तारखेला.

"ताई, हा माणूस फोन ठेवताना काही म्हणाला?"

"काही नाही हो. जरा हसला. 'अच्छा, तो मानसिक वाला केस है' म्हणाला. मी पुढे एक अक्षर नाही बोलले, शपथ! तुमचाच रूल आहे ना."

धम्मदीनानं मान वळवून कार्डाकडे पाहिलं. अक्षरं तिनंच निवडलेली, ठळक, वीस पॉइंटची. 'मानसिक स्वास्थ्य देखरेख अधिनियम की धारा तेईस के अनुसार हम किसी भी मरीज़ की जानकारी नहीं दे सकते.'

कायद्याचं नाव तिनं मुद्दाम आधी घातलं होतं. कायद्याचं नाव ऐकलं की माणसं वाद घालत नाहीत, हा तिचा अनुभव. सर्टिफिकेटवरून जो शब्द तिनं खोडून काढला होता तोच शब्द तिनं फोनवर, वाक्याच्या अगदी सुरुवातीला बसवला होता. दीड वर्ष शालिनीताई तो शब्द विचारेल त्याला वाचून दाखवत होत्या. तिनं वही मागे चाळायला घेतली. अठ्ठावीस नोंदी मोजल्या आणि थांबली.

"काय झालं, ताई? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," धम्मदीना म्हणाली. तिनं नख घालून कार्ड सोडवलं. डिंकाचा चौकोन टेबलावर तसाच राहिला.

आचवलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गूगलवर माझं नाव टाकलं तरी मी कसला डॉक्टर ते कळतं."

"टाकलं असतं तर कळलं असतं. त्यानं टाकलं नाही. त्यानं फोन केला."

"हे सिद्ध कोण करणार?"

"आपलीच वही."

"म्हणजे तुम्ही मला सांगताय की मी पेशंटला बोलवावं आणि म्हणावं, बाबा रे, तुझी नोकरी आमच्यामुळे गेली. पुढच्या महिन्यात नोंदणीचं रिन्यूअल आहे. तो तक्रार घेऊन मानसिक आरोग्याच्या बोर्डाकडे गेला तर? तुम्ही वकील माझ्या का त्याच्या?"

"तुमच्या. म्हणून तर तुम्हालाच सांगतेय. तुमच्या परवानगीशिवाय मी त्याच्याशी बोलू शकत नाही. पण ते दोन ओळींचं लेटर मी लिहिणार नाही, आणि तुम्ही स्वतः लिहिलंत तर ते खोटं असेल, हे आता तुम्हाला माहीत आहे."

"आणि काहीच नाही लिहिलं तर?"

"तर रविवारी ती बाई सगळ्यांसमोर खोटी ठरेल. ती तुमची पेशंट नाही. पण एकशे बेचाळीसला घरी औषध कोण देतं, हे फाइलमध्ये तुम्हीच लिहून ठेवलंय."

आचवल माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लिहा. पण वाक्य तुमचं होतं, असं लिहा. तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीनं. मी खाली 'वाचलं' म्हणून सही करतो."

"लिहिते."

"आणि मॅडम, रिन्यूअलनंतर मी दुसरा वकील बघेन. राग नका मानू."

"नाही मानत," ती म्हणाली. आणि खरंच तिला राग आला नाही. रागाला आत जागाच उरली नव्हती.

शनिवारी अकरा वाजता नवरा-बायको दोघांना बोलावलं. संताजी आधी आला. रुंद खांद्यांचा, तुळतुळीत दाढी केलेला, अडतिशीचा माणूस. तो लेटर घ्यायलाच आला होता.

"झालं का, डॉक्टरसाहेब? उद्या बैठक आहे. एकदा सगळ्यांच्या सामने होऊन जाऊ दे, दूध का दूध."

"बसा. नंदिनीताईही येतायत."

"ती कशाला?"

नंदिनी भावाबरोबर आली. भाऊ हरी दारातच उभा राहिला. ती लहानखुरी, तिच्या अंगावर शेवेच्या कारखान्यातल्या पॅकिंगवाल्या बायकांचा निळा कोट. देवासहून ती तशीच कामावर जात असावी. ती नवऱ्यापासून दूरच्या खुर्चीवर बसली. उजव्या मनगटाला पट्टी होती. आचवलांनी ती पाहिली, धम्मदीनानंही पाहिली. संताजी भिंतीकडे बघत होता.

धम्मदीनानं कागद वाचून दाखवला. मराठीत लिहिला होता, कलमं न घालता. चार तारखेला कारखान्यातून फोन आला. केंद्रानं माहिती नाकारली, पण नाकारताना जे वाक्य वाचलं त्यात मानसिक आरोग्याचा उल्लेख होता. ते वाक्य मी लिहिलं होतं. कारखान्याला कळलं ते या फोनवरून. नंदिनी यांनी सांगितल्याचा काहीही पुरावा नाही.

वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

"म्हणजे..." संताजी म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे हिनं नाही सांगितलं?"

"नाही."

"अगं, मग तू बोलली का नाहीस?"

नंदिनी हसली. त्या हसण्याकडे बघवेना.

"मी बोलले नाही? चार रात्री बोलले. आईची शपथ घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तुमच्या आईनं माझा फोन तपासला, मी तपासू दिला. तुम्ही म्हणालात, खोटारडी. आणि मग..." तिनं मनगटाकडे पाहिलंही नाही. "आज वकीलबाईंनी कागदावर लिहिलं तर लगेच खरं झालं का?"

"चूक झाली, नंदू. माझं डोकं ठिकाणावर..."

"डोक्याचं नाव घेऊ नका. आजारी होतात तेव्हा कधी हात नाही उगारला. बरे झाल्यावर उगारलात."

ती धम्मदीनाकडे वळली. "ताई, चूक झाल्याचं तुम्ही लिहिलंत, ते चांगलं केलंत. माझं काय भरून येणार त्यानं, ते नका विचारू. हा कागद मला द्या. उद्या बैठकीत हरीदादा वाचेल. त्यानंतर मी देवासलाच राहणार आहे."

धम्मदीनानं कागद दिला. तिनं तो डाव्या हातानं घेतला, कोटाच्या खिशात ठेवला आणि उठली. हरीनं दार धरलं. जाताना तो संताजीला "येतो, जिजाजी" म्हणाला, निव्वळ सवयीनं, आणि ओशाळला.

संताजी तसाच बसून राहिला. धम्मदीनानं त्याला सांगितलं की कारखान्याविरुद्ध जाता येईल, केंद्राविरुद्ध बोर्डाकडे जाता येईल, तिच्याविरुद्धही. कुठे, कसं, तेही कागदावर लिहून दिलं. त्यानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

"घरी कोण आहे आज?" आचवलांनी विचारलं.

"आई पोरीला घेऊन बहिणीकडे गेलीय, धारला."

"गोळ्या घेताय?"

त्यानं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी आज घरी नाही गेलो तर चालेल का?"

आचवलांनी धम्मदीनाकडे पाहिलं. तिनं कपाटातून स्वेच्छेनं दाखल होण्याचा फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. तो सावकाश लिहू लागला, प्रेसवर पत्रा बसवावा तसा एकेक शब्द नीट ओळीत बसवत. नाव. वय. पत्ता. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं 'प्रेस ऑपरेटर' लिहिलं, थोडं थांबला, पण खोडलं नाही. मग पेन एका जागी येऊन थांबलं. आजारात ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, ज्याला डॉक्टरांनी सगळं सांगायचं, अशा एका माणसाचं नाव तिथे लिहायचं होतं. शेजारी उघड्या पडलेल्या जुन्या फाइलमध्ये त्या जागी नंदिनीचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात.

"हे रिकामं सोडलं तर चालतं का, मॅडमजी?"

"चालतं," धम्मदीना म्हणाली. "कुणीच नसेल तर बोर्ड एखादा सरकारी अधिकारी नेमतं. कायद्यात सोय आहे."

त्यानं मान हलवली, ती ओळ सोडली आणि खाली सही केली.