डाव्या मागच्या चाकाचा तिसरा नट

आमच्या घरी कॉम्प्रेसर आला तेव्हा शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. "कारखाना काढलाय का गं?" बंद पडलेल्या एका गॅरेजमधून आईने तो उचलून आणला होता. आडवी लाल टाकी, वर मोटर, आणि सुरू झाला की स्वयंपाकघरातले डबेसुद्धा खुळखुळायचे. टाकीत हवा भरली की तो गपकन थांबतो. मग लांब पाइपच्या टोकाला गन जोडायची, चाकाच्या नटावर धरायची आणि घोडा दाबायचा. टर्रर्र! ज्या नटासाठी आई पान्यावर उभी राहून उड्या मारायची, तो दोन सेकंदांत हातात. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा गन चालवली त्या आठवड्यात मी वर्गात कुणी न विचारता तीनदा उत्तरं दिली.

पण काढणं सोपं, खरी परीक्षा लावण्यात. नट आधी बोटांनी फिरवायचा, निदान तीन वेढे. अडला तर काढून पुन्हा. मग गन, तीही अगदी हलकी. शेवटी टॉर्क पाना. ठरलेला जोर लागला की तो 'टक' करतो.

"गनला अक्कल नसते," आई म्हणते. "नुसती ताकद."

"बाबांसारखी," मी म्हणते, आणि बाबा आतून ओरडतात, "ऐकू येतंय मला!"

त्या शनिवारी मावशीची गाडी आमच्या दारात होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोन वर्षं घरी बसल्यावर तिला नोकरी लागली होती, सहा तासांवरच्या शहरात. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. काम फिरतीचं, म्हणून स्वतःची गाडी हवीच, अशी अट. डिकीत खोकी, गादी, टेबलफॅन, सगळं कोंबलेलं. जेवून निघायचं, त्याआधी आईने ब्रेक तपासायला आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे करायला घेतलं. चाकं माझ्याकडे!

"थांब, व्हिडिओ काढते," मावशी म्हणाली. "आजीला पाठवू. म्हणेल, ही नात आहे की क्रेन!"

"पाठव. पण चेहरा नीट येऊ दे."

तीन चाकं नियमाने झाली. चौथं, डावं मागचं, त्याचे दोन नटही झाले. मावशी कंटाळली. "बोटांनी काय खेळत बसलीस? ते टर्रर्र कर ना."

तिला नियम माहीत नव्हता. मला होता. तरी मी तिसरा नट सरळ गनच्या तोंडात बसवला, चाकातून बाहेर आलेल्या स्टडवर टेकवला आणि घोडा दाबला. आवाज निराळा आला, भातात खडा दाताखाली यावा तसा. पण नट बसला. मी कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. चौथा पुन्हा बोटांनी लावला.

आईने येऊन टॉर्क पाना लावला. टक, टक, टक, टक. तिसराही टक. "शाब्बास," म्हणून ती हात धुवायला गेली.

मी मात्र चाकासमोर उकिडवी बसून राहिले. तीन नट चाकाला चहूबाजूंनी टेकले होते. तिसऱ्याच्या एका कडेला नखाएवढी फट होती. तो तिरका घुसला होता. जोर बरोबर होता, आणि पान्याला फक्त जोर कळतो. म्हणजे आता हे कळणारी जगात मी एकटीच होते. सांगितलं तर गन हातातून जाणार हे नक्की. व्हिडिओ तर आजीपर्यंत पोचलाही होता. आणि मावशी आरशात बघून केस बांधताना गुणगुणत होती. दोन वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

कदाचित नट टिकेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्या 'कदाचित'मध्ये मावशीला बसवलं, आणि गाडी ताशी ऐंशीने पळवून पाहिली.

"आई," मी म्हणाले, "तिसरा नट मी बोटांनी नाही लावला. सरळ गन लावली."

आईने नळ बंद केला. साधा लांब पाना घेऊन तिने नट सोडवला. तो कुरकुरत, अडखळत बाहेर आला. सोबत केसासारख्या बारीक चकचकीत तारा. स्टडचे आटे पार गेले होते.

"तीन नटांवर नाही चालणार?" मावशीने विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत चालेल. सहा तास मी तुला पाठवणार नाही."

बाबांनी सुट्या भागांच्या दुकानांना फोन लावले. शनिवारी दुपारी सगळी बंद. आता सोमवारी दहाला.

मावशी पायरीवर बसली. "एका नटासाठी?" ती मला म्हणाली. मी सॉरी म्हटलं. तो शब्द त्या पायरीवर फारच एवढासा दिसला.

"मीच घाई केली तुला."

"नाही गं मावशी. मला माहीत होतं."

ती फोन घेऊन फाटकापाशी गेली. "हो सर... सोमवारी नाही, मंगळवारी... हो, पहिलाच दिवस आहे, कळतंय मला." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. "नाही सर, गाडी चालते. पण चाक भरवशाचं नाही, आणि ते मला निघण्याआधी कळलंय."

परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मंगळवारी नऊला दिसले नाही, तर दुसऱ्या कुणाला घेतील. वैतागलेत."

"दिसशील," आई म्हणाली. "सोमवारी दहाला स्टड मी आणते. जुना आज ठोकून बाहेर काढू." आणि हातोडा माझ्यापुढे धरला.

चाक आणि ब्रेकचा ड्रम काढून मी खाली बसले. मावशी बाही वर करत शेजारी येऊन टेकली.

"सरक जरा. मला बघू दे. तिथे रस्त्यात मी एकटीच असणार आहे."

पहिला घाव हुकला. दुसरा बसला. सातव्याला स्टड किंचित हलला.

"आता दे इकडे," मावशी म्हणाली.

मी हातोडा तिला दिला आणि टॉर्च धरली.