उगम की गळती

विषय पहिला : वाफ

नगरपालिकेच्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, जिथे सायकली लावू नयेत अशी पाटी आहे आणि म्हणूनच सगळे तिथे सायकली लावतात, तिथल्या फरशीतून वाफ निघत होती.

थंडी अशी की नळाला तोंड लावलं तर दात नळातच राहावेत. गवतावर पांढरा थर, बोलणाऱ्याच्या तोंडापुढे ढग. आणि अशा थंडीत, जमिनीतून, चक्क गरम पाणी! अख्खं गाव लोटलं होतं. कुणी बादल्या आणल्या होत्या, कुणी बाटल्या, कुणी सासरे.

"सरका हो, आमच्या मामंजींना पाय बुडवू द्या!"

"तुमचे मामंजी कधीचे आत बसलेत. आता त्यांनाच सरकायला सांगा!"

मधोमध एका उंच पाटावर ऊबबाबा. हे नाव त्याला गावानेच दिलं. फरशी ओली झाली आणि दोन दिवसांत हा उगवला. तो कायम पाण्याकडे पाठ करून बसे. शिष्य सांगत, बाबा आईच्या नजरेला नजर देत नाहीत, केवढी ही मर्यादा!

"भूमातेच्या पोटात सात अग्नी आहेत," बाबा सांगत होता. "सहा झोपलेत. सातवा मी हलवून जागा केला. तो मला म्हणाला, बाबा, थोडं पडू दे. मी म्हटलं, ऊठ! गावाचे गुडघे दुखतायत!"

गावाचे गुडघे गहिवरले.

मग बाबा गप्प झाला. घसा खाकरला. डोळे दूर कुठेतरी लावून बसला. बराच वेळ. आणि एकदम दोन्ही हात वर!

"ये माये!"

फरशीखाली गुडगुडलं. पाणी बुडबुडत वर आलं, वाफेचा लोट उठला, आणि गर्दीने असा काही हुंकार दिला की नगरपालिकेच्या छपरावरची कबुतरं उडाली.

समोरच्या प्रसूतिगृहाच्या खिडकीत डॉक्टरीणबाई हे बघत उभ्या होत्या. हातात गरम पाण्याची रबरी पिशवी. ती केव्हाच गार झाली होती.

विषय दुसरा : खोली

प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या नव्या खोलीत, भिंतीला लोखंडी नळ्या आहेत. शेजारच्या शेडमधल्या बंबातून गरम पाणी निघतं, रस्त्याखालच्या नळातून नगरपालिकेला वळसा घालून या नळ्यांत येतं आणि खोली उबदार राहते. म्हणजे राहायची. आता नळीला हात लावला की हातच चटकन मागे यायचा, गारठ्याने.

"बाई, बंबात पाणी भरून भरून माझे खांदे गेले," बंबवाला म्हणाला. "भरावं तेवढं कमी. जातंय कुठं, देव जाणे."

बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "देवाला कशाला त्रास देता? तिथं जातंय."

कोपऱ्यातल्या खाटेवर एक पोरगी होती, तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं. मुठीएवढं तोंड. बाईंनी ते आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोन गोधड्या घातल्या होत्या. दर थोड्या वेळाने त्या आत हात घालून बाळाचे तळवे चाचपत. तळवे गार लागले की गोधड्या आणखी घट्ट करत.

"सासूबाई नाही आल्या आज?"

"आक्का सकाळपासून समोर आहेत," पोरगी म्हणाली. "गुडघ्यांसाठी. म्हणाल्या, नातवासाठीही मागते काहीतरी."

विषय तिसरा : शब्द

"गळती आहे," बाई पाणी खात्याच्या इंजिनिअरला म्हणाल्या. "नळ फुटलाय. खणा आणि जोडा."

इंजिनिअर मफलरमधून बोलत होता. "गळती असती तर आज खणली असती. गळती माझ्याकडे."

"मग?"

"परवाच्या सभेत ठराव झाला. त्यात शब्द आहे 'उगम'. उगम माझ्याकडे येत नाही. उगम सुशोभीकरण समितीकडे."

"पण तो उगम नाहीये!"

"तुम्ही म्हणता. सभागृह म्हणतं, आहे. एकमताने म्हणतं."

"अहो, तुम्हीच टाकलाय तो नळ!"

"मीच," इंजिनिअर थोड्या अभिमानाने म्हणाला. "बरोबर तिथूनच जातो. पण उगमाला मी कुदळ लावली तर मला निलंबित करतील. शब्द बदलून आणा, बाई. मी तासाभरात माणसं पाठवतो."

सुशोभीकरण समिती काय म्हणाली? कठडा कोणत्या रंगाचा असावा, असं म्हणाली.

विषय चौथा : जांभळा

इथे बाईंची चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

त्यांना वाटलं, डोळ्यांना दिसलं की डोकं मानेल. तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध दवाखान्यात असतंच. बाईंनी त्याची बाटली बंबाच्या पाण्यात ओतली आणि धावत पायऱ्यांपाशी गेल्या. पाणी जांभळं होईल, आपण म्हणू बघा, हे आमच्या बंबाचं, आणि लोक कपाळाला हात लावून घरी जातील.

पाणी जांभळं झालं.

"आईने शालू नेसला!" बाबा ओरडला. त्याने मान वळवून एकदाच पाहिलं आणि पापणी लवायच्या आत शालू नेसवला. त्याचं कौतुकच करायला हवं.

"अहो, ते औषध आहे! मी टाकलंय!"

"टाकणारी तू कोण, बाळ? तुझ्या हातून टाकून घेणारी ती!"

त्या दिवशी गावात जांभळ्या पायांची माणसं हिंडत होती. टपाल वाटणारा जांभळा, शिंपी जांभळा, सुशोभीकरण समितीचे सदस्य गुडघ्यापर्यंत जांभळे. कठड्याच्या रंगाचा प्रश्न मात्र एका झटक्यात सुटला.

विषय पाचवा : मामा

नगराध्यक्ष हे डॉक्टरीणबाईंचे सख्खे मामा. सभागृहात 'अध्यक्ष महोदय', घरात 'मामा, तू'.

"मामा, तू जांभळे मोजे कधीपासून घालायला लागलास?"

"मोजे नाहीत ते," मामा पाय सोफ्याखाली घेत म्हणाला. "हे बघ, तू बरोबर आहेस. मला माहीत आहे. पण नुसतं बरोबर असून माणूस निवडून येत नाही. लोक पहिल्यांदा नगरपालिकेच्या दारात हसत येतायत गं. आजवर भांडायलाच यायचे."

"पोरं गारठतायत, मामा."

"शेगड्या देतो ना."

"बंद खोलीत शेगड्या? धुराने मारायचंय त्यांना?"

मामाने पाय आणखी आत ओढले. मग म्हणाला, "उद्या बाबाचा सत्कार आहे. उद्याचा दिवस जाऊ दे."

"रोज उद्याचाच दिवस जातो," बाई म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या. इतका संताप की चपला उलट्या घातल्या आणि फाटकापर्यंत कळलंच नाही.

विषय सहावा : धुराडं

सकाळी त्या बंबाच्या शेडपाशी उभ्या होत्या. कुणावर ओरडावं हेही सुचत नव्हतं. रस्त्यापलीकडे बाबा पाटावर बसला होता आणि थेट त्यांच्याकडे बघत होता.

नाही. त्यांच्याकडे नाही. त्यांच्या डोक्यावर.

बाईंनी मागे वळून वर पाहिलं. तिथे होतं बंबाचं धुराडं.

आत बंबवाल्याने कोळसा टाकला. धुराड्यातून काळा धूर आला. पलीकडे बाबाने घसा खाकरला.

पाणी तापलं. बंबवाल्याने पंप सुरू केला, तशी धुराड्याशेजारच्या बारक्या नळीतून पांढऱ्या वाफेची पिचकारी उडाली. बाबाचे हात वर!

"ये माये!"

बाई स्वतःशीच हसल्या. कित्येक दिवसांनी. म्हणे मर्यादा! पाण्याकडे पाठ करून बसलं तरच धुराडं दिसतं.

आणि कालची चूकही त्यांना तिथेच कळली. जांभळं झाल्यावर सांगून काय उपयोग? झाल्यावर सगळेच सांगतात. बाबाही सांगतो. आधी सांगायला हवं होतं.

आयत्या वेळचा विषय

सत्काराला गर्दी मावेना. पायऱ्यांवर मामा, जांभळ्या पायांचं सभागृह, खाली बाबा. आक्का सगळ्यात पुढे, पातळ वर खोचून, पाय डबक्यात.

"अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा!" बाई गर्दीतून ओरडल्या.

"आता नको गं," मामा पुटपुटला. पण ध्वनिक्षेपक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

"मी कुणाचं काही काढून घेत नाही. एवढीच विनंती आहे. आज बाबांनी पाण्याकडे तोंड करून आईला हाक मारावी."

"मर्यादाभंग!" बाबा म्हणाला. "आईकडे तोंड? शिव शिव!"

गर्दीत पाठीमागून एका बाईचा आवाज आला, "लेकरू आईकडेच तोंड करून बसतं की! पाठ कशाला करील?"

लोक हसले. बाबाने हसू ओळखलं. हे हसू थांबवायला हवं म्हणून तो उठला, पाट वळवला आणि पाण्याकडे तोंड करून बसला.

"आणि बाकीच्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्या धुराड्याकडे बघावं. मी आत्ताच सांगून ठेवते. आधी काळा धूर येईल. मग शेजारच्या नळीतून पांढरी वाफ उडेल. त्यानंतर इथे पाणी येईल. त्याआधी कुणीही, कितीही हाका मारल्या तरी येणार नाही. बंब केव्हा पेटवायचा ते बंबवाला त्याच्या मनाने ठरवेल. मलाही माहीत नाही."

डबकं आटत चाललं होतं. आक्कांच्या पावलांभोवती नुसता ओलावा.

बाबाने घसा खाकरला. हात वर. "ये माये!"

काही नाही.

"ये माये, ये!"

एक सायकल कलंडून पडली, तेवढाच आवाज.

"सातव्या अग्ने!"

"झोपला वाटतं परत!" शिंपी म्हणाला.

"हसता? या हसण्यानेच आई रुसली!" बाबाचा आवाज चढला. "डॉक्टरणीने विटाळलं हे स्थान! आता आई दिसणार नाही! पुढच्या पौर्णिमेपर्यंत एक थेंब..."

"धूर!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्या माना धुराड्याकडे. काळा धूर सरळ वर निघाला होता. बाबा सोडून सगळ्यांना दिसत होता.

"...एक थेंब येणार नाही! कितीही रडा, कितीही..."

"वाफ! वाफ उडाली!"

"आता येणार!" शिंपी नाचायलाच लागला. "आलं, आलं, आता येणार बघा!"

"...लोळण घ्या, माझा शब्द आहे, आई येणार..."

गुडगुड.

पाणी बाबाच्या नाकासमोर बुडबुडत वर आलं. त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. आधी कुणी हसलं नाही. मग एकदमच सगळे हसले. पण त्या हसण्यात चिडचिड होती, स्वतःवरची. ज्याने पाय बुडवले होते तो आता आपले पाय कुठे लपवावेत ते बघत होता.

आक्का मात्र हसल्या नाहीत.

"पण माझ्या गुडघ्यांना खरंच बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "ते काय खोटं आहे?"

"खोटं नाही, आक्का," बाई जवळ येऊन म्हणाल्या. "गरम पाण्याने शेकलं की बरं वाटतंच. घरी तापवलेल्या पाण्यानेही वाटेल. फक्त हे पाणी तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

"वरच्या खोलीचं. ही सगळी ऊब तिथे पोचायला हवी. तुमच्या नातवाला गोधड्यांत गुंडाळून ठेवलंय मी, आणि त्याची ऊब इथे फरशीतून वाहून जातेय."

आक्कांनी खाली पाहिलं. मग एक पाय बाहेर काढला. मग दुसरा. विस्तवातून काढावा तसा. थंड फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि इंजिनिअरकडे बघून म्हणाल्या, "खण."

"आक्का, ठरावात उगम..."

"खणतोस की मी खणू?"

ठराव

सभा पायऱ्यांवरच भरली. 'उगम' हा शब्द वगळून 'गळती' हा शब्द घालावा, अशी सूचना अध्यक्षांनी स्वतः मांडली. भाचीकडे न बघता मांडली. एका सदस्याने उपसूचना दिली की लोकभावनेचा विचार करून 'उगमसदृश गळती' असं म्हणावं. यावर चर्चा झाली. हो, तेव्हाही चर्चा झाली! बाईंनी दातओठ खाल्ले. शेवटी उपसूचनेसह ठराव मंजूर.

सातवा अग्नी सापडला. गंजलेल्या नळाला पडलेलं भोक होतं ते, करंगळी जाईल एवढं. इंजिनिअरने ते सगळ्यांना हात लावून बघायला लावलं. बाबा त्या गडबडीत पाटासकट नाहीसा झाला.

दुपारी खोलीतल्या नळ्या तापल्या. आक्का आल्या. आधी त्यांनी आपले दोन्ही हात नळीवर ठेवले, चांगले ऊन होईपर्यंत. मग ते गोधडीत घालून नातवाचे तळवे धरले.

खालून आवाज आला. नगरपालिकेसमोर एक माणूस बाटली घेऊन उभा होता. पलीकडच्या गावाहून आला होता.

"उगम कुठंय हो?"

अध्यक्षांच्या परवानगीशिवाय

ऊबबाबा कुठेतरी गेला आहे. थंडी अजून संपलेली नाही, आणि जुने नळ सगळ्याच गावांत आहेत. उद्या तो तुमच्या चौकात बसला, किंवा दुसरा कुणी दुसरं काही घेऊन बसला, तर भांडू नका आणि पायाही पडू नका. दोनच गोष्टी करा. तो कुठे बघतोय ते बघा. आणि त्याला म्हणा, झाल्यावर नको, आधी सांग.

आणि पाणी गरम लागलं, तर पाय बुडवण्याआधी एवढं विचारा, ही ऊब कुणाच्या खोलीतून आली?