डावा डोळा, कालपासून

"डाव्या डोळ्याने कालपासून दिसत नाही," घड्याळजी तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. नजर एका दिवसात गेली असती, तर धावपळच करावी लागली असती. पण यंत्रातून पाहावं तर डोळ्यात पिकून पांढराफटक झालेला मोतीबिंदू, आणि तो काही एका रात्रीत पिकत नाही.

डोक्यावर बर्फ ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, "काका, नक्की कधीपासून?"

"सांगितलं ना, कालपासून. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर डाव्यापुढे नुसता धूर."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी डाव्याचं कामच काय? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना उजव्याला भिंग लावतो आणि डावा मिटून बसतो."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. म्हणजे हा डोळा गेला केव्हा, ते देवालाच ठाऊक.

"तीन वर्षं झाली," शेजारच्या खुर्चीवर बसलेली घड्याळजींची बायको शांतपणे म्हणाली. "जेवताना मी यांच्या डाव्या हाताला बसते, आणि हे स्वयंपाकघराकडे तोंड करून मला हाका मारतात."