लाइट वाढवा!

मित्रांनो, मी एक जुनी, दोन फुटी एलईडी ट्यूब आहे. माझ्या अंगावर ६५०० हा आकडा छापला आहे. भर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या आकड्याचा मला फार अभिमान आहे.

जुन्या जालन्यातल्या बदरोद्दीन शेठच्या कापडदुकानात मी सहा वर्षे काम केले. पूर्वी गिऱ्हाइके साडीचा रंग पाहायला दाराबाहेर जात. मी आले आणि ते थांबले. "हिच्याखाली मोरपिशी मोरपिशीच दिसतो," असे शेठ सांगत. पुढे दुकानात गोल दिवे आले आणि मी वरच्या घरात कपाटावर पडले.

तिथून शेठच्या मुलीची, दहावीतल्या गजालाची, माशांची टाकी दिसे. टाकीवर शोभेच्या निळ्या दिव्यांची पट्टी होती. तिच्या उजेडात मासे दागिन्यांसारखे चमकत, पण पाणगवत पिवळे पडत चालले होते. गजालाने एका रोपाची तीन रोपे केली होती. मासेवाला पप्पू म्हणाला, "ताई, लाइट वाढवा." गजाला दिवसभर शाळेत, म्हणून तिने ते काम अब्बांना सांगितले.

आठ दिवसांत दोन रोपे कुजली. शेठ म्हणाले, "जुम्म्यापर्यंत बघतो, न्हाई तर प्लास्टिकची झाडं आणतो. ती बिलकुल मरत न्हाईत."

"पण अब्बा, लाइट वाढवली ना?"

"रोज बराबर. तू शाळेत गेली की लगेच."

"कशी वाढवली?"

"कशी म्हणजे? बटण दाबून! दुकान वाढवतो तशी."

मित्रांनो, दुकानदार 'दुकान बंद केले' असे अशुभ कधी बोलत नाही. तो दुकान 'वाढवतो'. शेठ रोज इमानेइतबारे लाइट विझवत होते!

गजालाची आई गौहर हसून हसून खाली बसली. "तीस वर्षं दुकान वाढवून राह्यले, आता झाडंबी वाढवली!"

गजाला हसली नाही. तिसऱ्या रोपाचे एकच पान हिरवे उरले होते. ती निळ्या पट्टीकडे पाहत राहिली. "ही नुसती मासे दाखवते, अब्बा. झाडाचं पोट हिच्यानं भरत न्हाई." मग तिची नजर कपाटावर गेली. तिने माझा आकडा वाचला.

शेठनी मला स्वतः पुसले, पाणी उडणार नाही अशा उंचीवर बसवले आणि वर चार जुम्मे मुदत दिली. गजाला शाळेला निघताना मला लावू लागली, रोज आठ तास. उजेड जास्त होऊन काचेवर शेवाळ धरताच तिने सात तास केले. अंदाजाने नव्हे, वहीत लिहून. चौथ्या जुम्म्याला त्या रोपाच्या बुडातून नवे रोप निघाले. शेठनी शेजारच्या दुकानदाराला वर बोलावून दाखवले. "बघा, आपल्या दुकानातली लाइट आहे!"

मित्रांनो, टाकीसाठी दिवा निवडताना मासे किती चमकतात एवढेच पाहू नका, पानांनाही विचारा. आणि जुनी ट्यूब भंगारात देण्याआधी तिच्या अंगावरचा आकडा एकदा वाचा.

आज टाकीत अकरा रोपे आहेत. संध्याकाळी सात तास भरले की जिन्यातून शेठची हाक येते, "गजाला, लाइट वाढव!" ती बटण दाबते. मी विझते, खाली झाडे वाढत असतात, आणि आता त्या शब्दाचे दोन्ही अर्थ खरे असतात.