गिरधरने फाडलेले पान

मित्रांनो, मी एक जुना स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश आहे आणि स्वभावाने मोठा खुनशी आहे. माझ्या पुढच्या अर्ध्या भागात स्पॅनिश शब्दांचे इंग्रजी अर्थ आहेत, मागच्या अर्ध्यात इंग्रजी शब्दांचे स्पॅनिश. एवढे ध्यानात ठेवा.

फुलपाखरे गोळा करणाऱ्या एका स्पॅनिश पाहुण्याबरोबर मी धडगावला, जंगलखात्याच्या बंगल्यावर आलो. त्याला इंग्रजी येत नसे आणि तिथल्या साहेबांना माझी बारीक अक्षरे दिसत नसत. म्हणून गिरधर कारकून माझ्यात शब्द शोधून त्यांना अर्थ सांगे. तेव्हा माझा भारी मान होता. चहाचा कपसुद्धा कोणी माझ्याजवळ ठेवत नसे.

एके दुपारी पाहुण्याच्या चिरुटाने सागाची रचलेली लाकडे पेटली. चौकशीत तो मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणाला, "तेंगो ला कुल्पा." दोष माझा आहे, इतकाच त्याचा अर्थ. गिरधरला तो माझ्यात सापडलाही. पण लाकडांचा राखणदार करमसिंग याने गिरधरला फुकट कोंबडी दिली नव्हती, आणि तो राग त्याच्या पोटात होता. पाहुणा करमसिंगला दोष देतो आहे, असे त्याने साहेबांना बेधडक सांगितले.

करमसिंगला धुळ्याच्या तुरुंगात नेले. त्याची बायको सोनीबाई तान्हे मूल घेऊन बंगल्याच्या पायरीशी बसून राही. पाहुणा मला साहेबांकडे ठेवून मायदेशी गेला. गिरधरने 'कुल्पा'चे पान फाडून चुलीत घातले आणि मला अडगळीत टाकले. वाळवी मला कुरतडत होती आणि मी मनात म्हणत होतो, थांब लेका, तुला सोडणार नाही.

पुढल्या वर्षी साहेबांना नवा चष्मा आला. आगीत तुमचा दोष नव्हता, असे पाहुण्याला त्याच्या भाषेत लिहावे म्हणून त्यांनी मला शोधून काढले. दोषाचा इंग्रजी शब्द मागच्या भागात पाहिला, तर समोर 'ला कुल्पा'! पाहुण्याची खाली घातलेली मान आणि तो आवाज त्यांना आठवला; त्यात करमसिंगचे नाव कुठेच नव्हते. पुढचा भाग उघडला, तर पानाच्या जागी फाटकी कड. मागचा भाग फाडायचे गिरधरला सुचलेच नव्हते.

करमसिंग सुटला. सोनीबाईने एकच मागितले. पाहुण्याचे ते शब्द गिरधरने आता स्वतःसाठी, सगळ्यांसमोर म्हणावेत.

"चूक मन्ही शे," गिरधर पुटपुटला. तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावले. छापखान्यातून बाहेर पडतानाही मला इतका आनंद झाला नव्हता.

त्याची नोकरी गेली, तरी मी त्याला माफ केलेले नाही. चालायला लागलेले ते मूल सुटून आलेल्या बापाला पाहून आईच्या मागे लपले, ते मी पाहिले आहे. मित्रांनो, पुस्तकाचे पान कधी फाडू नका. आम्हाला वाळवी लागते, पण आम्ही विसरत नाही.