नावाची जागा

मी आता थकली. खरं सांगते, गाऊन गाऊन नाही थकली, ऐकून ऐकून थकली. तेही दुसऱ्याचं नाही, माझंच गाणं.

माझं नाव केसरबाई. सौंसरले आमचा संत्र्याचा बगीचा आहे, दोन वावरांत कापसाची पऱ्हाटी होते. पण लोकं मले वावरानं नाही ओळखत, हळदीनं ओळखते. चाळीस वर्सं मी हळदीची गाणी म्हटली. इकडं मोहगाव, तिकडं लोधीखेडा, लग्नसराईत पार पांढुर्ण्यापर्यंत. कोणाच्या घरी हळद ठरली की पहिला निरोप मले येत होता, पत्रिका मागाहून छापत होते.

गाणं तसं एका ओळीचं. 'पिवळी पिवळी हळद गं, लागली अमकीच्या लेकीले.' मी ओळ म्हणायची अन् मांगं बसलेल्या बाया झील धरायच्या, म्हणजे तीच ओळ परत म्हणायच्या. सारी कारागिरी त्या 'अमकीच्या'त. आधी नवरीच्या मायचं नाव, मंग बापाचं, मंग काकू, आत्या, मामा, मामी. 'लेकीले'चं मंग 'भाचीले' होते, 'पुतणीले' होते. आदल्या दिवशी मी त्या घरी जाऊन बसायची अन् चहा पीत पीत सारी नावं विचारून घ्यायची. कोण रुसलं आहे, कोण येणार नाही, कोण मेलं, सारं. एक नाव चुकलं त ती मामी दहा वर्सं त्या घरचं पाणी पीत नाही, हे मी पाहिलं आहे.

अन् ज्याचं नाव घ्यायचं, आधी त्याच्याकडं पाहायचं, ही माझी रीत. नाव घेतलं की ती बाई पदर सावरे, एखादी रडे. तिचं होऊ द्यायचं. तोवर मी थांबायची, मंग पुढची ओळ. घाई कायची होती.

वत्सला माझी सून, गजाननची बायको. कावीळ झाली अन् पंधरा दिवसांत गेली. तेव्हा तिचा हेमंत बारा वर्सांचा अन् सरला नवाची. जायच्या आधी एका दुपारी तिनं मले जवळ बसवलं. म्हणे, "माय, ज्या पोरीची माय नाही तिच्या हळदीत बाया काकूचं नाव घालते. सरलाच्या हळदीत तुमी माझंच घालजा. दुसरीच्या नावानं तिले हळद लागू देऊ नका." मी म्हटलं, घालीन बाई, गळा शाबूत आहे तोवर घालीन. मले भीती होती ती गळ्याचीच. बाकी कशानं अडेल असं कोणाच्या ध्यानात येणार होतं.

हेमंत मोठा झाला अन् पांढुर्ण्यात बसस्टँडजवळ एका कॅसेटच्या दुकानात लागला. तिथं गाणी भरून देते. पोट्टे चिठ्ठीवर यादी घेऊन येते अन् हा दोन डेक जोडून इकडची गाणी तिकडं भरते. दिवसभर कानात तेच, घरी आला तरी तेच. जेवताना ताटाच्या बाजूले टेप. म्हटलं, बाप काय विचारून राहिला ते त ऐक, त म्हणे, एवढं गाणं होऊ दे. एकटा हेमंतच कायले, साऱ्या गावचे पोट्टे तसेच झाले. गल्लीत दोघं भेटले त घरी कसं आहे हे नाही विचारत, नवीन कोणती कॅसेट आली हे विचारते. मी बोलून बोलून दमली. मंग सोडून दिलं.

तीन वर्सांमांगं पांढुर्ण्याले उर्मिला नावाच्या एका बाईच्या पोरीची हळद होती. मी गायले बसली तं हेमंतनं माझ्यासमोर टेप आणून ठेवला. मी म्हटलं, हे काय रे? म्हणे, "काही नाही आजी, तू म्हण. तुझा आवाज राहील." मले बरं वाटलं, खोटं कायले सांगू. घरी आल्यावर त्यानं ऐकवलं त मी लाजली. माझाच आवाज, पण एखाद्या पोरीवाणी.

मंग त्या एका कॅसेटच्या वीस झाल्या. ज्याच्या घरी हळद, तो मले बोलवायचं सोडून कॅसेट नेऊ लागला. वर म्हणे, "तुमाले कायले त्रास मावशी, आवाज त तुमचाच आहे." पण त्यात नावं होती ना, त्या उर्मिलाच्या घरची. मोहगावले दादाजीच्या पोरीले हळद लागून राहिली अन् टेप म्हणे, 'लागली उर्मिलाच्या लेकीले.' नवरीची माय शांताबाई. तिनं भर मांडवात नवऱ्याले विचारलं, ही उर्मिला कोण? दादाजी बिचारा देवाच्या शपथा खाऊन राहिला. त्यात त्याच्या बहिणीनं आगीत तेल ओतलं, म्हणे, मी त केव्हाची म्हणते, हा दर हप्त्याले नागपूरच्या बसमध्ये कायले बसते. मले हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसली. वाटलं, झालं, गेली कॅसेट, आता लोकं पुन्हा मले बोलावतील.

कायचे बोलावते. हेमंतनं दुकानात बसून सारी नावं कापली. दोन डेक लावून, जिथं नाव येईल तिथं एकाचं बटन दाबे, नाव सरलं की सोडे. चार दिवस खपला अन् मोठ्या हौसेनं मले ऐकवाले आणली. 'पिवळी पिवळी हळद गं, लागली', मंग काहीच नाही, नुसती खरखर, अन् मंग 'लेकीले.' बायांच्या झिलीतलंही नाव कापलेलं. म्हणे, "आजी, आता कोणाच्याही घरी चालते." मी म्हटलं, बापू, हळद कोणाले लागली हेच त्यात नाही, मंग राहिलं काय? त्याले ते समजलं नाही. सरलाले मात्र ती कॅसेट खूप आवडली. नावंवाली पहिली तं त्यानं पुसून तिच्यावर पिक्चरची गाणी भरली होती. ही सरलानं चुलीजवळ ठेवून घेतली. भाकरी थापता थापता तीच लावे.

यंदा वैशाखात सरलाचं जमलं. पोरगा लोधीखेड्याचा, मास्तर आहे. मी मनात नावं लावाले सुरुवात केली. पहिलं वत्सलाचं, त्याच्यासाठीच त मी गळा जपून ठेवला होता. आंबट बंद केलं, थंड पाणी बंद केलं. पण घरात कोणी मले विचारेच ना. शेवटी मीच गजाननले म्हटलं, "हळदीले गाणं कोण म्हणते?"

"माय, हेमंतनं स्पीकरचे दोन मोठे बॉक्स आणले आहे," गजानन म्हणे. "तू आरामात बस. तुले दम लागते."

"मले वत्सलाचं नाव घ्यायचं आहे. मी तिले शब्द दिला."

त्यानं पत्रिकांचा गठ्ठा बाजूले सारला. मंग म्हणे, "घे ना माय, तुले कोण नाही म्हणते. टेपच्या संगंच घे. नावाची जागा खाली आहे त्यात."

मी म्हटलं, चाळीस वर्सं बाया माझ्या मांगं म्हणत होत्या, अन् आता मी डबड्याच्या मांगं म्हणू? पण भांडू कोणाच्या भरवशावर. माझ्या झीलवाल्या बाया राहिल्याच कुठं. अंबाबाई छिंदवाड्याले पोराजवळ गेली, यमुनाले ऐकू येत नाही. ह्या नव्या सुनांनं कधी झील धरलीच नाही. टेपात झीलही असते, त्यांनं कायले धरावी. मी म्हटलं, बरं बावा, टेपच्या संगं त टेपच्या संगं. वत्सलाचं नाव झालं म्हणजे झालं.

हळद सकाळी नवाले होती. सरला पाटावर बसली, पाच सवाष्णी वाटी घेऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढं तिची काकू अनुराधा. हेमंतनं बटन दाबलं अन् मांडवभर माझा आवाज निघाला. बाया आपल्या गोष्टी करून राहिल्या. कोणाची साडी कुठून आणली, कोणाची पोरगी पास झाली. मी गात होती तेव्हा कोणाची हिंमत नव्हती बोलायची. मले वाईट वाटलं, पण मी कान त्या जागेकडं लावून बसली.

आली जागा. मी माझ्या सवयीनं आधी सरलाकडं पाहिलं. तेवढ्यात खरखर सरली अन् 'लेकीले' येऊन गेलं. मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, पुन्हा येईल. दुसऱ्या खेपेले टैमावर घेतलं, पण बॉक्सचा आवाज एवढा होता की माझं मलेच आलं नाही ऐकू. तिसऱ्या खेपेले ठसका लागला. अन् मंग टेप पुढं सरकला, 'पुतणीले' म्हणू लागला. मायची पाळी सरली. माझाच आवाज होता, पण माझ्यासाठी थांबला नाही.

सरलानं हळदीनं भरलेलं तोंड वर केलं. हळूच म्हणे, "आजी, आईचं नाव झालं का?"

"झालं बाई."

"मले नाही आलं ऐकू."

हेमंतनं ते ऐकलं. लगबगीनं आला अन् म्हणे, "आजी, मांगं घेऊ का? पुन्हा लावतो, तू पुन्हा घे." किती मायेनं म्हटलं पोरानं. त्याचीही त मायच होती ती. म्हणूनच मले त्याचा राग करता येईना, अन् त्यानंच जास्त रडू येऊन राहिलं.

"बंद कर रे बापू ते," मी म्हटलं.

त्यानं बंद केलं. मांडवात एकदम चूप झालं. हात पिवळे झालेल्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. मी पदर खोचला, सरलासमोर जाऊन बसली अन् सुरू केलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला. तिच्या डोळ्यांत पाहून मी म्हटलं, 'पिवळी पिवळी हळद गं, लागली वत्सलाच्या लेकीले.'

सरलाचे डोळे भरले. गजाननही खांबाले धरून उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. मले वाटलं, वत्सला, झालं बाई तुझं. सरलाचं रडणं होऊ दिलं, थांबली. आता बायांनं झील धरायची, मंग मी पुढं जाईन.

कोणी धरलीच नाही. अनुराधा टेपकडं पाहे. एका सुनेनं पदराआड हसू दाबलं. त्यांचंही काय चुकलं म्हणा, त्यांना मालूमच नव्हतं की आता आपण म्हणायचं असते. ओळ तशीच पडून राहिली. एकट्या बाईनं म्हटलेलं नाव साऱ्यांनी उचलल्याशिवाय लागत नाही, असं आमी मानत आलो.

तेवढ्यात सरलानंच झील धरली. नवरी आपल्या हळदीत कधी झील धरत नाही. पण धरली पोरीनं, डोळे मिटून, मोकळ्या आवाजात. सुरात, एकदम माझ्यासारखी, माझी एक एक मुरकी तिच्या गळ्यात बसलेली. मले एवढं भरून आलं की काय सांगू. 'पिवळी पिवळी हळद गं, लागली', इथवर ती आली अन् थांबली. कॅसेट जेवढी थांबते तेवढीच थांबली. मंग म्हणे, 'लेकीले.'

तिनं डोळे उघडले अन् बराबर म्हटलं का, अशी माझ्याकडं पाहू लागली. मी मान हलवली. म्हटलं, हाव बाई, बराबर म्हटलं.